रक्ताच्या यादीतून गाळलेली आत्या

आमच्या घरातले पुरुष अंथरुणात मरत नाहीत. आजोबा भाताचा भारा डोक्यावर घेऊन निघाले, बांधावर टेकले आणि उठलेच नाहीत. बाप गावदेवीच्या पालखीपुढे नाचता नाचता पडला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि मी नऊ. मोठा भाऊ कबड्डीत गेला. चढाई करून आला, मधल्या रेषेला हात लावला, पंचाने गुण दिला आणि मगच पडला. त्याच्या तेराव्याला गावातली माणसं मिशीवर हात फिरवत म्हणाली, यांच्या घरात गडी असाच जातो, उभ्या उभ्या. लहानपणी मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा. माणूस किती मूर्ख असू शकतो, ते मी स्वतःवरून सांगतो.

बापाच्या मरणाचं कारण मात्र घरात ठरलेलं होतं, आणि ते कारण म्हणजे माझी आई. ती पांढऱ्या पायाची. हे पहिल्यांदा बोलली माझी आत्या, बापाची धाकटी बहीण, तेही प्रेत दारात असताना, चार बायकांच्या समोर. नंतर ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. दूध नासलं तरी आई, म्हैस आटली तरी आई. आई भांडी जरा जास्त जोरात घासायची, एवढंच.

भाऊ गेला तेव्हा मात्र आईवर ढकलता येईना. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झालं आणि तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं की घरात आणखी कोणी असं अचानक गेलंय का. मी बोटं मोजून दाखवली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हा आता मलाच टेबलावर झोपवतो. म्हणाला, तुझ्या भावाच्या काळजाची भिंत दुप्पट जाड होती. मुंबईला जा, स्वतःचा इको काढून घे, आणि तोवर जिना चढतानाही घाई करू नकोस.

मी तेव्हा भिवंडीजवळ दापोड्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकसोबत जाणाऱ्या मालाच्या पावत्या, लिहायचो. दोन हजार सालानंतरचा तो काळ. आमच्याकडे गोदामांचं पेव फुटलं होतं. ज्या शेतात आजोबा मेले तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि काल चिखलात असलेले लोक आज गाडीतून उतरताना आधी चेन बाहेर काढत होते. मी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. इको काढणाऱ्या पोरीने एकदा पाहिलं, परत पाहिलं, मग कोणाला तरी बोलावून आणलं. माझ्याही हृदयाचा स्नायू जाड होता. अठ्ठाविसाव्या वर्षी मला सकाळ-संध्याकाळची गोळी लागली, आणि पळणं, वजन उचलणं, नाचणं बंद झालं. भीती वाटली का? खूप. आणि भावाऐवजी मी वाचलो याचा आनंदही झाला. तो मी कोणाला सांगितला नाही.

तिथेच ती डॉक्टर मॅडम भेटली. ती रोग बरा करणारी नव्हती, रोग कुठून येतो ते शोधणारी होती. पन्नाशीला टेकलेली, केस बारीक कापलेले, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. तिने मला समजावलं की हा आजार रक्तातून चालत येतो. आईबापाकडून मिळणाऱ्या सूचनांमध्ये एका ठिकाणी चूक असते आणि ती चूक मुलाकडे जाते किंवा जात नाही. नाणं उडवल्यासारखं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलगा असो की मुलगी. हे 'मुलगी' तिने दोनदा म्हटलं, कारण लोक तिथे चुकतात हे तिला माहीत होतं. ती चूक नेमकी कुठे आहे हे आमच्या घराच्या रक्तातून सापडलं, तर बाकीच्यांची एका तपासणीत सुटका होणार होती. ज्याच्यात चूक आहे त्याला वेळेवर आवरता येईल, ज्याच्यात नाही तो खुशाल कबड्डी खेळेल. तिने कागद घेतला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर तिरकी रेघ, असं माझ्या घराचं चित्र काढायला सुरुवात केली आणि म्हणाली, सगळ्यांची नावं आणा, मी रविवारी घरी येऊन रक्त घेते.

आता इथे काकाची ओळख करून द्यायला हवी. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, घरातला एकमेव पुरुष जो साठीकडे धडधाकट चालला होता. पांढरा सदरा, पांढरी पँट, गळ्यात बोटाएवढी चेन. स्वभावाने वाईट म्हणावा असा नव्हता. बाप गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. पण जमिनीचा विषय निघाला की त्याच्या तोंडावरची माणुसकी आत जायची. आजोबांच्या नावावरची जमीन एका गोदामवाल्याला द्यायचं ठरलं होतं आणि त्यासाठी दोन महिन्यांपूर्वीच आम्ही वारसांची यादी करून प्रतिज्ञापत्र दिलं होतं. ती यादी माझ्याच अक्षरात होती. घरात माझं अक्षर चांगलं. त्या यादीत काका, काकाचे दोन मुलगे, माझी आई आणि मी. खाली ओळ होती: यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही.

आत्या अंबाडीच्या पुढच्या एका गावात, जिवंत, दोन पोरांची आई, दर भाऊबीजेला आमच्या दारात. आणि आमच्या कागदावर ती जन्मलीच नव्हती.

यात आमच्या घराने काही जगावेगळं केलं होतं असं नाही. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, हीच रीत. सणाला साडी, भाऊबीजेला ओवाळणी, मुलीच्या लग्नात मामाचा मान, आणि त्या बदल्यात बहिणीचा अंगठा. पण अंगठा घ्यायचा म्हणजे आधी तिचं नाव चढवायचं, मग तिला निबंधकाच्या ऑफिसात न्यायचं, मग तिचा नवरा सोबत येणार, भाव विचारणार. काकाला वाटलं, चढवून उतरवण्यापेक्षा चढवायचंच कशाला. आणि मी लिहिलं. पेन माझं होतं.

डॉक्टर मॅडमची गोष्ट मी काकाला सांगितली तेव्हा तो आधी ऐकत होता. मी 'डीएनए' हा शब्द उच्चारला आणि त्याने हातातला चहा खाली ठेवला.

“डीएनए म्हंजे काय, ठावं हाय कं तुला? टीव्हीवर बगतो मी. कोन कोनाचा पोर, ते कोर्टात शिद्ध करतात त्यानं. तुजे आतेचं रगत त्या बाईचे बाटलीत गेलं, का उंद्या तिचा नवरा वकील घेऊन दारान उबा.”

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ही तपासणी त्यासाठी नाही, ते कागद कोर्टात जात नाहीत. त्याने मान हलवली. रक्त म्हणजे रक्त, त्याचं म्हणणं होतं. एकदा लिहून झालं की ती या घराची मुलगी आहे, ते मग कोणीही काढून दाखवील. त्याच्या दृष्टीने ते बिनतोड होतं. शेवटी म्हणाला, तलाठ्याला दिली तीच यादी डॉक्टरणीला दे. दोन ठिकाणी दोन याद्या नको. आणि हे म्हणताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्या जमिनीत माझाही वाटा आहे, हे मला न सांगता कळावं. मला कळलं.

रविवारी मॅडम आली. पडवीत चटई टाकली, बर्फाची पेटी ठेवली. काकाने कोंबडी कापली होती, पण तिने नुसता कोरा चहा घेतला. काकाचे मुलगे सुई पाहून पांढरे पडले आणि नंतर दंड दाबून हसत बसले. आईचं रक्त घ्यायची गरज नव्हती, तरी मॅडमने तिला शेजारी बसवून सगळं नीट सांगितलं: हा दोष तुमच्या सासऱ्यांकडून तुमच्या नवऱ्याकडे आला, नवऱ्याकडून मुलांकडे. तुमचा त्यात काहीही संबंध नाही.

आई काकाकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाली, “मंग मना येवरी वर्सं कशाला बोललाव?”

काका पान लावायला लागला. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो नाही, कारण पुढचा प्रश्न माझ्याकडे आला होता. मॅडमने फॉर्म माझ्यासमोर सरकवला. म्हणाली, तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच भरा. वडिलांची भावंडं, भाऊ किती, बहिणी किती.

आई दाराशी उभी होती. तिला आत्याचं नाव घेता आलं असतं. काकाच्या हुकमाला ती त्या दिवशी भीत होती असं मला वाटत नाही, आत्ताच तिने भर पडवीत त्याला गप्प केलं होतं. पण ज्या नणंदेने तिला पहिल्यांदा पांढऱ्या पायाची म्हटलं, तिच्यासाठी तोंड उघडायचं तिच्या मनात नव्हतं. हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला ते पुरलं.

मी लिहिलं: भाऊ एक. बहीण नाही.

मॅडमने वाचलं आणि पुन्हा विचारलं, एकही नाही? लग्न होऊन गेलेली, लांब असलेली, बोलणं बंद असलेली, अशीही चालेल. बाई हुशार होती. मी म्हणालो, नाही. इतका सरळ म्हणालो की मलाच नवल वाटलं.

त्यानंतर आठ-नऊ महिने गेले. मग तिचा फोन आला. चूक सापडली होती. माझ्यात होती, शवविच्छेदनाच्या वेळी जपून ठेवलेल्या भावाच्या नमुन्यात होती. काकात नव्हती, म्हणून त्याच्या मुलांमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. काकाने त्या दिवशी गावात पेढे वाटले. पुतण्याच्या काळजात खोट आहे आणि आपल्यात नाही, याचे पेढे. मलाही एक दिला. मी खाल्ला.

मॅडमने मला नियम म्हणून सगळ्यांना देतात तो एक छापील कागद दिला, नातेवाइकांसाठी. ज्यांची तपासणी झालेली नाही अशा रक्ताच्या नात्यातल्या माणसांनी तपासणी होईपर्यंत पळू नये, कबड्डी-कुस्ती खेळू नये, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. ती म्हणाली, तुमच्या घरात आता तुम्ही एकटेच आहात, बाकीचे सुटले. मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला माहीत होतं की तो कागद कोणासाठी आहे. आत्याचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे अंबाडी-वाडा रस्त्यावर पाच किलोमीटर पळत होता.

मी काकाकडे गेलो. भांडलो म्हणणं जास्त होईल, पण आवाज चढवला. आत्याला सांगायलाच हवं, पोरगा पळतोय, असं म्हणालो. काका चिडला नाही. उलट समजुतीने बोलला. फक्त रजिस्ट्री राहिली आहे, तेवढी होऊ दे, मग सांग, मी कुठे नको म्हणतो. तोही आपलाच पोर आहे. इतकी वर्षं काही झालं नाही, दोन-तीन महिन्यांत काय होणार आहे. माणसं वाईट वागायला लागली की कशी शहाण्यासारखी बोलतात, ते मी तेव्हा शिकलो. मी हो म्हणालो.

मग भाऊबीज आली. आत्या दोन्ही पोरांना घेऊन आली. तिला आमच्या ओट्याच्या चार पायऱ्या चढताना दम लागायचा, आणि सासरी त्यावरून तिला आळशी म्हणायचे. त्या दिवशीही ती तिसऱ्या पायरीवर थांबली. मला ते आता दिसत होतं, आधी कधी दिसलं नव्हतं. पोरगा उंच झाला होता. पळून पळून गालफडं बसली होती. मुलगी सोळा वर्षांची, तीही त्याच्या मागे पहाटे पळायला जाते असं आत्याने कौतुकाने सांगितलं. पोरगा माझ्याजवळ येऊन बसला आणि मला त्याची वेळ सांगायला लागला. किती मिनिटांत पाच किलोमीटर, मागच्या महिन्यापेक्षा किती कमी.

मी विचारलं, दम लागतो का?

“दम कं सगल्यांनाच लागतं, दादा. शेवटाला जरा डोल्यांपुरं अंधारी येते. ती पन सगल्यांना येते.”

काका समोरच्या खुर्चीत होता. त्याने काही इशारा केला नाही, नुसतं बघत राहिला. माझ्या पाकिटात तो कागद होता. घडीवर घडी घालून चौथा हिस्सा झालेला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, रक्त कमी असेल. गूळ-शेंगदाणे खात जा सकाळी.

आत्या आतून म्हणाली की बघ, दादा सांगतो ते ऐक. मग तिने मला ओवाळलं. मोठा भाऊ नाही तर त्याचा मुलगा, म्हणून ती दर वर्षी मलाही ओवाळायची. मी ताटात ओवाळणी टाकली.

जानेवारीत रजिस्ट्री झाली. काका मोकळा झाला. एका संध्याकाळी त्याने स्वतःहून मला म्हटलं, आता सांगायचं तर सांग. इथून पुढचं काकाच्या माथी मारता येत नाही. मी खूप प्रयत्न करून पाहिला. रजिस्ट्री झाल्यावर पाच आठवडे होते माझ्या हातात. मी रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो, कारण सांगायचं तर आत्या पहिला प्रश्न हाच विचारणार होती की तुला कधीपासून माहीत आहे. त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. पोराच्या जिवापेक्षा मला माझं तोंड जास्त जपायचं होतं. हे असं लिहून टाकलं की सोपं दिसतं. सोपंच होतं. म्हणून तर झालं.

शिमग्याच्या आधी चार दिवस तो पडला. वीटभट्ट्यांच्या जवळ, रस्त्याच्या कडेला. सोबतच्या पोरांना वाटलं फेफरं आलं. त्यांनी त्याला चप्पल हुंगवली, तोंडावर पाणी मारलं, मुठी उघडायला बसले. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे कोणाच्या तरी ध्यानात आलं की हा श्वास घेत नाही. अंबाडीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बहीण त्या दिवशी पाळीमुळे पळायला गेली नव्हती.

मी पोचलो तेव्हा त्याला ओट्यावर ठेवलं होतं, पायात अजून बूट. आत्या रडत नव्हती. तिने मला पाहिलं आणि जवळ बोलावलं, आणि सगळ्या बायकांसमोर, जसं काही हिशेबात चूक राहिली नाही ना हे विचारावं तसं म्हणाली, “तू सांगलंस तसा रोज द्यायची मी. गूळ न् शेंगदाणे. एक दिस न्हाय चुकवला.”

मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. लोकांना वाटलं, भावाचं प्रेम.

तेराव्याला कुजबुज सुरू झाली. आत्याच्या सासरची माणसं म्हणायला लागली की ही माहेरचा दोष घेऊन आली, हिच्या माहेरात पुरुष टिकत नाहीत. गंमत अशी, या खेपेला ती माणसं बरोबर होती. आत्याने जे माझ्या आईला ऐकवलं होतं ते आता तिला ऐकायला मिळत होतं. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. रडत होती की आणखी काही, ते मी पाहिलं नाही.

उरली होती मुलगी. मी तीन महिने जेवलो-झोपलो, कामाला गेलो, बिल्ट्या लिहिल्या, आणि प्रत्येक पहाटे जाग आली की वाटायचं, ती आज पळायला गेली असेल. शेवटी मी आत्याकडे गेलो. तिथेही खोटंच बोललो. म्हणालो, मुंबईला एक नवी तपासणी निघाली आहे, घरात कोणी असं गेलं असेल तर बाकीच्यांची करतात. नवी. आत्ताच निघाली आहे. आत्याच्या नवऱ्याला ते पटलं नाही, पण आत्या म्हणाली, भाचा सांगतो म्हंजे चांगल्यासाठीच. माझ्या मनात होतं की मॅडमला आधी बाहेर गाठीन, हातापाया पडून सांगीन की जुना फॉर्म काढू नका. आम्ही भाड्याची जीप केली. वाटेत आत्याने मला डब्यातली भाकरी दिली.

मॅडम बाहेर भेटली नाही. आम्हाला सरळ आत बोलावलं. तिच्यासमोर माझ्या घराची फाईल आधीच उघडी होती. तिने आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, या कोण?

मी म्हणालो, माझ्या वडिलांची बहीण.

मॅडमने पानं उलटली. मला वाटतं तिला माझी फजिती करायची नव्हती. ती आपल्या कामात होती, नोंद जुळत नव्हती, म्हणून तिने बोट ठेवलं. म्हणाली, इथे तर बहीण नाही असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय. मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि ती थांबली, पण तोवर उशीर झाला होता.

आत्याला वाचता येत नव्हतं. ऐकता येत होतं. तिने विचारलं की हे कधी लिहिलं. मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मग तिने तारीख सांगितली. आत्याने बोटांवर महिने मोजले. मोजायला तिला वेळ लागला. मुलगी आपल्या ओढणीचं टोक गुंडाळत होती.

“तवा यानं नाव दिलं असतं, तं पलता पलता गेलेला माजा पोर र्‍हायला असता?”

मॅडमने फाईल मिटली. मी विनवणीच्या नजरेने तिच्याकडे पाहत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, वाचलाच असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी त्याला तपासलं असतं. गोळी दिली असती. आणि पळायचं त्या दिवशी बंद केलं असतं.

आत्या माझ्याकडे वळली. ती मारील असं मला वाटलं. तिने मारावं असं मला वाटत होतं. तिने फक्त विचारलं की का नाही लिहिलं. तिला खरंच कळत नव्हतं. माझ्याशी तिचं कधी वाकडं नव्हतं. मी सांगितलं. जमीन, प्रतिज्ञापत्र, काकाचं डीएनए, रजिस्ट्री. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

“जमिनीपाई?” ती म्हणाली. “मागायची व्हती रं. आंगठा दिला असता. मना काय करायची व्हती जमीन?”

मॅडमने मुलीला खुर्चीत बसवलं, दंडाला रबर बांधलं. मुलीने हात पुढे केला आणि तोंड आईकडे ठेवलं, माझ्याकडे नाही. नंतर आत्याचंही रक्त घेतलं. मॅडम म्हणाली, महिन्याभरात निकाल येईल, आणि सवयीने पुढे म्हणाली की घरचा संपर्क यांचाच आहे, यांना कळवू का.

आत्या म्हणाली, “याचे हातान कागद देऊ नका. मी येन.”

ती कधी एकटी भिवंडीच्या पुढे आली नव्हती. तरी महिन्याने ती आली, मुलीला घेऊन, एसटीने. हे मला मॅडमकडून कळलं, माझ्या नेहमीच्या तपासणीच्या वेळी. मी निकाल विचारला. मॅडम म्हणाली, त्यांनी परवानगी दिली तर सांगीन. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. परवानगी नव्हती. आत्याकडे गेलो तर तिच्या नवऱ्याने मला अंगणातच उभं केलं, आत बातमी पाठवली, आणि आतून कोणी बाहेर आलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मी सकाळपासून दाढी करून बसलो होतो. दुपारी आईने माझं ताट वाढलं.

चार वर्षांनी अंबाडी नाक्यावर ती मुलगी दिसली. लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिने मला पाहिलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडून तिच्यासोबत बराच वेळ चाललो. ती हळू चालत होती आणि एका दुकानाच्या पायरीशी थांबली. मूल जड होतं म्हणून थांबली, की दम लागला म्हणून, ते मला कळलं नाही. मग एक रिक्षा आली आणि ती गेली.